जसं होतं तसं

त्यांना सगळे स्वयंभू म्हणत. हे नाव कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने ठेवलेलं. फार वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला आणि हे वॉशर घ्यायला त्याच्या दुकानात गेले, तेव्हा तो म्हणाला होता, "काका, वॉशर देतो, पण लावायला माणूस पाठवू का?" त्यावर हे म्हणाले, "कशाला? त्याला दोन हात असतात, मलाही दोन आहेत." दुकानदाराने गल्ल्यावरूनच हात जोडले. "धन्य आहात. तुम्ही म्हणजे अगदी स्वयंभू!" माणसाला चांगलं नाव मिळवायला जन्म जातो, टोपणनावाला एक दुपार पुरते. आठवड्याभरात गल्लीतली पोरंटोरंही त्यांना त्याच नावाने ओळखू लागली.

खरं सांगायचं तर तो नळ त्या दिवशी दुरुस्त झालाच नव्हता. आधी थेंब थेंब गळत होता, तो धार लावून गळू लागला आणि चार दिवस बायको बादल्या उपसत बसली. पाचव्या दिवशी मात्र बसला, आणि असा बसला की पुन्हा कधी थेंब नाही. स्वयंभूंचं सगळं काम हे असंच. शिकायचं स्वतः, चुकायचं स्वतः आणि चूक निस्तरायची तीही स्वतःच. आपला हात जगन्नाथ. विचारायचं मात्र कुणाला नाही.

ही विचारण्याची नावड त्यांना कारखान्यात जडली होती. चौतीस वर्षं ते गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर होते. कापडाचे ऐंशी थर एकावर एक पसरायचे, वर खडूने रेघ मारायची आणि मशीनचं पातं त्या रेघेवरून न्यायचं. हात एक दोरा हलला की ऐंशी शर्टांच्या कॉलरी वाकड्या. सोबत मापांची चिठ्ठी यायची. चिठ्ठीत लिहिलंय ते कापायचं, आपल्या मनातलं त्यात काही घालायचं नाही, आणि वर जाऊन 'साहेब, हे अठ्ठावीसच का?' असं विचारायचं तर नाहीच. जो विचारतो तो कच्चा, असा त्या टेबलावरचा कायदा. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक थर वाया गेला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हे भाषणात सांगितलं तेव्हा स्वयंभूंनी मान खाली घातली होती, पण मनातून ते फुगले होते. आणि का फुगू नये?

बायकोचं सगळंच उलट. ती टेलिफोनच्या कचेरीत होती, लोकांना नंबर जोडून द्यायची. कोण बोलतंय, कुणाशी बोलायचंय, पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही. तिचा अर्धा जन्म विचारण्यातच गेला. "विचारलं म्हणून काही जीभ झिजत नाही," असं ती नवऱ्याला येता-जाता सुनवायची. नवरा ऐकून घ्यायचा आणि रंधा मारत राहायचा.

सहा वर्षांपूर्वी तिला काचबिंदू निघाला. निघाला तेव्हाच उशीर झाला होता. हे दुखणं मोठं चोरटं, कडेकडेने खात येतं. आधी तिला बाजूने येणारा माणूस दिसेनासा झाला, मग दाराची चौकट, मग ताटातली कडेची वाटी. शेवटी समोर एवढंसं उरलं, किल्लीच्या भोकातून बघावं तेवढं. दोन वर्षांपूर्वी तेही मिटलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी करायचं ते सगळं केलं, आणि गेलं ते आता परत येणार नाही, हे स्पष्ट सांगितलं.

ती रडली ती एकदाच. मग नवऱ्याला समोर बसवून म्हणाली, "हे बघा, झालं ते झालं. स्वयंपाक मी करीन, घर मी झाडीन, कपडे मी वाळत घालीन. फक्त एक ऐका. घरात मला हाताला धरून कुठे न्यायचं नाही. बाहेर न्या, तिथे इलाज नाही. घरात नाही. बाथरूमला जायला मला तुमची वाट बघत बसावं लागलं ना, तर त्या दिवशी मी संपले असं समजा."

"काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी नाही, खरं तेच बोलतेय."

स्वयंभूंनी त्यावर वचन वगैरे दिलं नाही. त्यांना तसलं बोलता येत नसे. ते उठले आणि त्यांनी बोळाची लांबी मापायला घेतली.

घर भाड्याचं होतं. तळमजल्यावर एकामागे एक तीन खोल्या, त्यांच्या बाजूने जाणारा लांब बोळ, बोळाच्या टोकाला एक पायरी उतरून बाथरूम आणि मागे हातभर अंगण. बोळातून आत जाताना डाव्या हाताला खोल्यांची दारं आणि उजव्या हाताला बाहेरची सलग भिंत. या भिंतीला त्यांनी कमरेच्या उंचीवर लाकडी दांडा बसवला, पुढच्या दारापासून थेट बाथरूमपर्यंत, सतरा हात लांब. भिंतीत भोक, भोकात प्लास्टिकची गट्टी, गट्टीत स्क्रू. पहिल्यांदा बसवला तेव्हा भार टाकताक्षणी तो भिंतीच्या पोपड्यांसकट हातात आला. भिंत जुनी, चुन्याची, आणि गट्ट्या आखूड. मग लांब गट्ट्या आणल्या, पुन्हा भोकं पाडली, आणि बसवल्यावर त्याला स्वतः लोंबकळून पाहिलं. पॉलिश पेपरने तो इतका घासला की गालाला लावला तरी टोचू नये. शेवटी दांड्याच्या खालच्या अंगाला, बोटांना लागतील अशा, कानशीने खाचा पाडल्या. एक खाच लागली की डावीकडे स्वयंपाकघर. दोन खाचा, निजायची खोली. तीन खाचा म्हणजे पुढे पायरी आहे, सांभाळ.

त्यानंतर ते रोज सकाळी स्वतःच्या डोळ्यांना पंचा बांधून घरभर फिरायचे. कुठे गुडघा आपटतो, कुठे बोट चेंगरतं, कुठे हाताला काहीच लागत नाही ते बघायचं आणि पंचा सोडून तिथे काम काढायचं. खिडकीतून बघणाऱ्या शेजारणीला वाटलं, म्हाताऱ्याला या वयात लपंडावाची हौस आली. पण अर्धवट उघडं दार हा आंधळ्याचा सगळ्यात मोठा वैरी, हे त्यांना त्या पंचानेच शिकवलं. स्वयंपाकघराचं दार बोळात उघडायचं. त्यांनी बिजागऱ्या फिरवून ते आत उघडणारं केलं. फळ्यांना पुढून पट्ट्या मारल्या, म्हणजे भांडं सरकून पडायला नको. गॅसच्या बटणांना खाचा पाडल्या, चिमटीत फिरवायचे पितळी नळ काढून हाताच्या टोल्याने बंद होणारे बसवले आणि अंगणात दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत वाट दाखवणारी दुसरी दोरी बांधली. "काका, भोक न पडलेली भिंत उरलीय का घरात एखादी?" असं हार्डवेअरवाला विचारायचा. "छत आहे अजून," असं स्वयंभू म्हणायचे.

आणि बायको घरात चालायची. नुसती चालायची नाही, तरातरा चालायची. एकदा मीटर वाचायला आलेल्या माणसाचा चष्मा राहिला होता, तेव्हा तो तिलाच म्हणाला, "जरा आकडा वाचून सांगता का, बाई?" तिने ती गोष्ट महिनाभर सगळ्यांना सांगितली. संध्याकाळी नवरा घरी आला की तीच त्याला विचारायची, "मीटरवाल्याला काय सांगू मग, किती आकडा आहे?" आणि दोघं हसायचे. सुख म्हणून जे काही असतं ते त्या घरात एवढंच होतं, पण होतं.

मग घरमालक गेला. म्हातारा दूरच्या गावी राहायचा, वर्षातून एकदा चक्कर टाकायचा. तो गेल्यावर महिन्याभराने त्याच्या मुलीचं पत्र आलं. पत्र सभ्य होतं. आईला घेऊन आम्ही स्वतःच त्या घरात राहायला येत आहोत, तरी तीन महिन्यांत जागा मोकळी करावी, तुम्हाला त्रास होतो आहे याची जाणीव आहे. खाली फोन नंबर होता. आणि सहीच्या वर एक ओळ होती, 'घर जसं होतं तसं आमच्या ताब्यात द्यावं, ही विनंती.'

स्वयंभूंनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली.

"म्हणजे काय?" बायकोने विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे काय? एकोणीस वर्षांपूर्वी आपण घेतलं तेव्हा होतं तसं."

"कशावरून? आत्ता आहे तसं म्हणायचं असेल."

"मग 'आहे तसं' लिहिलं असतं. 'होतं' लिहिलंय. होतं म्हणजे पूर्वी."

"अहो, नंबर दिलाय ना खाली? एक फोन करा. एका मिनिटाचं काम."

"विचारायचं काय त्यात? स्वच्छ लिहिलंय."

खरं म्हणजे त्यांना ती ओळ लागली होती. दोन वर्षं ज्या भिंतींशी आपण बोललो, त्यांच्यावर आपण केलेलं यांना काही नको, असंच त्यांना त्यातून ऐकू आलं. दुखावलेला माणूस एक तर भांडतो, नाही तर फार काटेकोर होतो. तसंच पाहिजे ना? मग घ्या, तसंच देतो, दोऱ्याचाही फरक राहणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही अजून शाबूत होता.

स्वयंभूंनी काढलेली वस्तू कधी टाकली नव्हती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत या घराचं सगळं जुनंपण जपून ठेवलेलं होतं. पिवळी पडलेली स्विचं, वाकड्या कड्या, गंजके आकडे, ते पितळी नळ. ते एकेक बाहेर काढून त्यांनी घर मागे न्यायला सुरुवात केली. फळ्यांच्या पट्ट्या काढल्या. नवे नळ उतरवले. एकोणीस वर्षांपूर्वीचा तो गळका नळ गळकाच लावायचा का, यावर त्यांनी एक अख्खी सकाळ घालवली, आणि अखेर नवा वॉशर घालून लावला. तेवढी बेइमानी त्यांनी स्वतःला माफ केली.

दांडा सगळ्यात शेवटी काढायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पण हिशेब जमेना. भोकं पुट्टीने भरायची, ती वाळू द्यायची, घासायची, वर चुना, पुन्हा चुना. घर सोडायला तीन आठवडे उरले तेव्हा तो काढावाच लागला.

"आज दांडा काढतोय हं," ते म्हणाले.

"काढा," बायको म्हणाली. ती बोळाच्या टोकाशी उभी होती. स्क्रू सुटत होते तसा एकेकाचा आवाज ती ऐकत होती. काढून झाल्यावर तिने भिंतीवर सपाट तळवा ठेवला आणि पुढच्या दारापर्यंत पावलं मोजत गेली. सोळा. "जमेल," ती म्हणाली. "तीनच आठवडे तर आहेत. तिकडे गेल्यावर लावालच ना तुम्ही?"

"पहिल्याच दिवशी."

दांड्याचे तीन तुकडे त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवले, नव्या जागेसाठी.

दोन दिवसांनी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्या पुन्हा फिरवल्या आणि ते पूर्वीसारखं बोळात उघडणारं केलं. तिला सकाळी तसं सांगितलंही. दुपारी ते अंगणात दोरी सोडत होते तेव्हा आतून आवाज आला. ओरडण्याचा नव्हता, लाकडावर काहीतरी आदळल्याचा होता. ते धावत आत गेले. ती बोळात कपाळावर हात दाबून उभी होती आणि बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. दार अर्धं उघडं होतं, आणि ते त्यांनीच उघडं टाकलं होतं, हातोडी घ्यायला जाताना.

"दार होतं का?" तिने विचारलं.

"हो."

"सकाळी सांगितलं होतंत तुम्ही. माझंच चुकलं. सवयीने गेले."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कपाळाला तीन टाके पडले. डॉक्टरांच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या मनात येत होतं की चौतीस वर्षं ज्याने एक थर वाया घालवला नाही, त्याने हे काय कापून ठेवलं?

घरी आल्यावर दार पुन्हा फिरवावं असं त्यांना वाटलं. फिरवलं मात्र नाही. पत्रात लिहिलं होतं ना. दार मात्र त्यांनी सुतळीने बांधून टाकलं, आणि बायको पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसून राहू लागली. दोन दिवस ती अगदी गरजेपुरती उठली, भिंतीला चिकटून, एक हात तोंडापुढे धरून. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जरा बाथरूमपर्यंत येता का?"

आवाज अगदी नीट होता, कचेरीत गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. ते उठले आणि तिला धरून घेऊन गेले. दाराबाहेर थांबले. समोरच्या भिंतीवर पुट्टीचे पांढरे ठिपके ओळीने होते, आणि ते कुठेही एका दोऱ्याने वरखाली नव्हते.

त्यानंतर तिने दुपारी चारनंतर पाणी प्यायचं सोडलं. आधी त्यांच्या लक्षातच आलं नाही. तांब्या भरलेला तसाच असायचा. "पाणी नाही प्यायलीस?" असं विचारलं की "तहान नाही" म्हणायची. तीन दिवस त्यांना ते खरं वाटलं. चौथ्या दिवशी त्यांना कळलं, की पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठायचं म्हणजे त्यांना हाक मारावी लागते. ते अंगणात जाऊन उभे राहिले. करण्यासारखं तिथे काही नव्हतं. तरी बराच वेळ उभे होते.

आता सगळी आशा नव्या जागेवर होती. दोन खोल्या, पहिल्या मजल्यावर, खाली मालक. जागा बघायला गेले तेव्हा स्वयंभूंनी टेप काढून कोपरा न् कोपरा मापला होता. दांडा कुठून कुठे जाईल, खाचा कुठे येतील, सगळं कागदावर काढून ठेवलं होतं. करार वाचला होता, त्यात 'भिंतींना खिळा ठोकू नये' असं एक कलम होतं. "मग दांड्याचं कसं?" असं बायकोने विचारलं होतं. "खिळा ठोकू नये म्हटलंय. आपण स्क्रू लावणार. खिळ्याचा संबंध काय?" असं म्हणून त्यांनी सही केली होती. विचारलं नव्हतं.

घर सोडायच्या आदल्या दिवशी ते चादरीतले तुकडे आणि ड्रिल घेऊन एकटेच तिथे गेले. पाणसळीने रेघ मारली, पहिलं भोक अर्धं पाडलं, तोच खालून मालक चपला न घालता धावत वर आले.

"अहो, अहो, थांबा! हे काय चाललंय?"

"दांडा लावतोय. बायकोला दिसत नाही."

"करारात लिहिलंय, खिळासुद्धा ठोकायचा नाही."

"खिळा ठोकत नाहीये मी. हा स्क्रू आहे."

मालकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा थट्टा करतोय का वेडा आहे, ते त्यांना ठरवता येईना. "काका, तुमच्या मिसेसबद्दल वाईट वाटतं मला. खरंच वाटतं. पण मागच्या भाडेकरूने भिंतींची चाळण केली होती, आत्ताच सगळं नवीन करून घेतलंय. एकाला हो म्हटलं की संपलं. भोक पाडायचं असेल तर राहू नका."

दुसरी जागा शोधायला आता दिवस उरले नव्हते. चिकटवायचे दांडे मिळतात, पण ते टॉवेल टांगायला. अंगाचा भार घ्यायचा तर स्क्रूच पाहिजे, हे स्वयंभूंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी ते अर्धं भोक पुट्टीने भरून दिलं, तुकडे पुन्हा चादरीत गुंडाळले आणि परत आणले.

"लागला?" बायकोने विचारलं.

"भिंत ओली आहे अजून," ते म्हणाले. "थोडं थांबावं लागेल." जन्मात पहिल्यांदा त्यांनी चुकीचं माप दिलं होतं, आणि ते तिने मुकाट्याने घेतलं.

दुसऱ्या दिवशी सामानाची गाडी भरली. घरात फक्त बायकोची खुर्ची, हत्यारांची पिशवी आणि ती चादरीतली गुंडाळी उरली होती, तेव्हा ते पत्र लिहिणारी, जुन्या घरमालकाची मुलगी आली. सोबत तिची आई. म्हातारीची एक बाजू झटक्याने लुळी पडली होती. काठी टेकत, पाय ओढत ती आत आली आणि बोळाच्या तोंडाशी थांबली. मुलीने आईसाठी भिंतीकडे हात केला, तो सपाट चुन्यावर पडला.

"इथला दांडा कुठे गेला?"

"काढला," स्वयंभू म्हणाले. "सगळं पूर्ववत केलंय. नळ, कड्या, दार, सगळं. बघून घ्या."

"काढलात? का?"

"तुम्हीच लिहिलं होतं. जसं होतं तसं."

"अहो, म्हणजे जसं होतं तसंच राहू द्या म्हणून! लोक जाताना बल्बसुद्धा काढून नेतात, म्हणून लिहिलं मी. बाबांबरोबर एकदा आले होते ना, तेव्हा पाहिला होता मी तो दांडा. आईला इथे आणायचं ठरलं ते त्याच्यामुळेच. फोन तरी करायचात, काका."

इथे कुणी ध चा मा केला नव्हता. अक्षर न् अक्षर जागच्या जागी होतं. लिहिणारीने एक मनात धरून लिहिलं आणि वाचणाऱ्याने दुसरं कापलं, एवढंच. पण त्या एवढ्याशात एका बाईच्या कपाळाला तीन टाके पडले होते, आणि दोन आठवडे ती तहान मारत बसली होती.

बायको पुढच्या खोलीत खुर्चीवर होती. तिने सगळं ऐकलं. 'मी सांगितलं होतं,' असं ती म्हणाली नाही. स्वयंभू त्या वाक्याची वाट बघत उभे होते.

"अहो," ती म्हणाली, "लावून द्या त्यांना. तुकडे इथेच आहेत ना?"

"आणि तुला?"

"तिकडे दुसरा करा. भिंत वाळली की."

आता त्यांना गप्प राहवेना. "भिंत ओली नाही. तिथे भोकच पाडू देत नाहीत. मी खोटं सांगितलं."

तिने विचारलं, "जागा घेताना विचारलं होतंत?"

"नाही."

"लावून द्या त्यांना," ती पुन्हा म्हणाली. "मला नाही, तर निदान त्यांना तरी."

त्यांनी पिशवी उघडली. पुट्टी उकरली, जुनी भोकं तीच होती, लांब गट्ट्या आतच होत्या. दांडा बसायला दोन तासही लागले नाहीत. मग दाराच्या बिजागऱ्या फिरवल्या. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पहिला तुकडा बसला तशी बायको उठली, दांड्याला हात लावत बोळात आली आणि म्हातारीला म्हणाली, "या, तुम्हाला दाखवते. चांगला हात यावर ठेवा. खालून बोटं घ्या. लागली खाच? एक म्हणजे स्वयंपाकघर. रात्री उठलात तरी दिवा शोधायला नको. पुढे दोन लागतील. तीन आल्या की मात्र थांबायचं, पायरी आहे. आधी चांगला पाय टाका."

"किती डोक्याने केलंय हो," म्हातारी म्हणाली. "नशीबवान आहात. आमच्या ह्यांना कधी खिळा मारता आला नाही."

"हो ना," बायको म्हणाली.

शेवटचा स्क्रू आवळून स्वयंभू उठले. हातात पेचकस तसाच होता. मालकाच्या मुलीकडे न बघता, दांड्याकडे बघत ते म्हणाले, "एक विचारू का?"

"विचारा ना."

"मागची खोली. तेवढी आम्हा दोघांना पुरेल. आमचं फार काही नसतं. भाडं तुम्ही म्हणाल ते. हिला इथे सगळं हाताखालचं आहे. म्हणून म्हटलं."

बोळात सगळे थांबले. बायकोने मान वळवली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना कुणाकडे काही मागताना ऐकलं नव्हतं.

मुलीचे डोळे भरून आले. बाई वाईट नव्हती. "काका, आम्ही सहा जण आहोत हो," ती म्हणाली. "मागच्या खोलीत दीर-जाऊ. मलाच कळत नाहीये कसे मावणार ते."

"बरोबर आहे," स्वयंभू म्हणाले. "मी आपलं विचारून पाहिलं."

त्यांनी पेचकस पिशवीत टाकला, फरशीवर पडलेली पुट्टीची भुकटी हाताने गोळा केली आणि ती कुठे टाकावी ते न सुचून खिशात घातली. बायको बाथरूमच्या टोकाशी होती. "चला," ती म्हणाली, "गाडीवाला केव्हाचा थांबलाय." तिने दांड्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोरून निघाली, पावलं न मोजता, पूर्वी चालायची तशीच तरातरा. मालकाच्या मुलीने तिला आधार द्यायला हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला. पुढच्या दाराशी दांडा संपला. बायको तिथे थांबली, आणि स्वयंभू येऊन हात धरेपर्यंत तशीच उभी राहिली.